बॅरीची पाठ देवघरात

माझं लोकरीचं दुकान आहे आणि मला विणता येत नाही.

म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. सुलटा टाका येतो. उलटाही येतो, पण तो मी सुलटा घालायला गेले की येतो! पुण्यात फार्मसी केली, न्यूझीलंडला पापाकुऱ्यात येऊन बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काढली, आणि शेजारचं लोकरीचं दुकान विकायला निघालं तेव्हा ते घेऊन मोकळी झाले. (का घेतलंस, हा प्रश्न माझा नवरा मिलिंद अजूनही विचारतो. साधारण पहिला घास घेताना.) दुकान लॉरेनचं होतं. लॉरेन म्हणजे सत्तरी ओलांडलेली, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढी उंच बाई, आणि आवाज असा, की मेंढ्यांनी आपणहून रांग लावावी. किल्ली देताना तिने एकच अट घातली. दर गुरुवारी सकाळी मागच्या टेबलाशी विणायला जमणाऱ्या बायकांना हलवायचं नाही.

"त्या दुकानाबरोबरच येतात, डिअर," ती म्हणाली. "छपरासारख्या."

छपराला मी हात लावला नाही. माझ्या अकलेने मी एकच सुधारणा केली, ती म्हणजे पिशव्या. ब्राऊन कागदाच्या, वर दुकानाचा शिक्का, तोंडाशी लोकरीच्या धाग्याची सुरगाठ. विकलेला माल त्यात, दुरुस्तीला आलेले स्वेटर त्यात, गुरुवारच्या बायकांची अर्धवट विणकामं त्यात, आणि आमचे डबेसुद्धा त्यातच. सगळं एकसारखं दिसलं पाहिजे, असं माझं म्हणणं होतं. झालंही तसंच. एकदा मिलिंद ऑफिसात जेवायला बसला आणि पिशवीतून कुणाचा तरी अर्धा मोजा निघाला. त्या मोज्याच्या मालकिणीकडे आमची भेंडीची भाजी गेली. तिने फोन करून रेसिपी विचारली, म्हणून तो प्रसंग मी यशस्वी धरला आणि त्यातून काहीही शिकले नाही.

आता बॅरी. बॅरी हा लॉरेनचा नवरा. गावाबाहेर त्यांची थोडी जमीन आणि थोड्या मेंढ्या. हा माणूस आयुष्यात दोनच वाक्यं बोलतो, "यप" आणि "स्वीट ॲज", आणि त्यातलं दुसरं, म्हणजे आपलं "झकास", सणासुदीला. त्याने ग्लॅडिस नावाची एक गडद तपकिरी मेंढी बाटलीने दूध पाजून वाढवली होती. ती त्याच्या मागे मागे स्वयंपाकघरात यायची म्हणे. मागच्या हिवाळ्यात ग्लॅडिस म्हातारी होऊन गेली. लॉरेनने तिची साठवलेली लोकर स्वतः कातली आणि लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बॅरीसाठी जर्सी विणायला घेतली. पण बोटांच्या सांध्यांनी दगा दिला. एक दिवस चार बोटं विणलेला तुकडा आणि उरलेले गुंडे तिने दुकानाच्या टेबलावर ठेवले.

"कुणाला उपयोगी पडलं तर घ्या," एवढंच म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा आवाज एवढा बारीक होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला अजिबात आवडलं नाही.

ती गेल्यावर मेरे उठली. मेरे म्हणजे गुरुवारच्या बायकांची म्होरकी. जन्मभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे तिने "बसा" म्हटलं की आजही माणसं बसतात. "जर्सी आपण पुरी करायची," ती म्हणाली. "पाठ मी, छाती ही आपली जून, हात तुम्ही दोघी वाटून घ्या. आणि लॉरेनला एक शब्द कळता कामा नये."

जानेवारीत चारही भाग विणून झाले. ते धुऊन, ताणून, वाळवून चार पिशव्यांत घालून मागच्या खोलीत ठेवले. येत्या गुरुवारी ते एकमेकांना शिवले की झालं. पिशव्या अर्थातच माझ्या, ब्राऊन आणि सुरगाठीच्या.

आणि मध्ये संक्रांत आली.

इथे जानेवारी म्हणजे कडक उन्हाळा. अख्खं गाव टॉग्ज (पोहायचे कपडे) आणि जँडल्स (रबरी चपला) घालून समुद्रावर पसरलेलं असतं आणि लोकरीच्या दुकानात माशीसुद्धा येत नाही. म्हणून मी ठरवलं, या वर्षीचं हळदीकुंकू दुकानातच करायचं. धर्मही आणि जाहिरातही! वाण म्हणून प्रत्येकीला एक लोकरीचा गुंडा आणि एक क्रोशाची सुई. पापाकुऱ्याच्या, टाकानिनीच्या, पापाटोएटोच्या सगळ्या मराठी बायकांना बोलावलं. गुरुवारच्या टोळीपैकी बाकीच्या सुट्टीवर होत्या, पण लॉरेनला आग्रहाने बोलावलं. "काळे कपडे घालून ये," असं सांगितल्यामुळे ती मयताला घालायचा ड्रेस घालून आली आणि दारातच माझा हात धरून हळूच म्हणाली, "कोण गेलं, डिअर?"

आतमध्ये काळ्या साड्यांतल्या तीसेक बायका घामाने निथळत होत्या. मी हळदीकुंकवात दोन्ही हातांनी बुडालेली. मिलिंदला ओरडून सांगितलं, "मागच्या खोलीतून वाणाच्या पिशव्या आण!"

"कुठल्या?"

"ब्राऊन!"

"सगळ्याच ब्राऊन आहेत गं."

"मग सगळ्या आण!"

इतकं स्पष्ट सांगितल्यावर तो तरी काय करणार? त्याने सगळ्या आणल्या. मी लुटल्या. लॉरेनला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला (तो तिच्या कवळीला फार गोड बोलला नाही), तिने पिशवी घेतली आणि मेंढ्यांना पाणी पाजायचंय म्हणून लवकर निघाली. शेवटी चार पिशव्या उरल्या. जास्तीच्या भरल्या गेल्या असतील, असं म्हणून मी त्या मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि स्वतःच्या नियोजनावर खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज यायला लागले आणि माझं डोकं चालेनासं झालं.

टाकानिनीची सुजाता हॉस्पिटलात नर्स आहे. तिने लिहिलं, "वाण कसलं भन्नाट! पहिल्यांदाच माझं दही कवडीसारखं लागलं!"

मी विचारात पडले. क्रोशाच्या सुईने दही? की गुंडा विरजणात?

मग कल्पनाताईंचा मेसेज. कल्पनाताई म्हणजे आमच्याकडच्या ज्येष्ठ, कुठलंही व्रत विचारा, त्यांना येतं. "अगदी मापाचं दिलंस हो. कालपासून बाप्पा त्यावरच बसलेत."

गुंड्यावर? घरंगळत नाहीत?

तिसरी अनघा, पापाटोएटोला तिचा दवाखाना आहे. "वृषाली, केवढी कलात्मक दृष्टी आहे तुझी! क्लिनिकच्या भिंतीवर लावलंय. पेशंट बघत बसतात."

मी माझ्या मुलीला, ईराला, तिन्ही मेसेज दाखवले. चौदा वर्षांची पोर. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "यांना नक्की काय मिळालंय गं?"

"मम, यू गेव्ह इट टू देम. हाऊ डू यू नॉट नो?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तिला भांडी घासायला लावली.

गुरुवारी उलगडा झाला. मेरे "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत आली, सुई-दोरा काढला, मागून चार पिशव्या आणल्या आणि पहिली उघडली. गुलाबी गुंडा आणि क्रोशाची सुई. दुसरी उघडली. पिवळा गुंडा आणि क्रोशाची सुई. तिसरी-चौथी उघडायची तिला गरज वाटली नाही. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बॅरीची पाठ कुठाय?"

मला व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज एकेक करून आठवले. "देवघरात," मी म्हणाले.

"आणि छाती?"

"दवाखान्यात."

"हात?"

"एक दह्यात आहे." मी खुर्ची ओढून बसले. "दुसऱ्याचं काही कळत नाही."

पुन्हा विणणं शक्य नव्हतं, कारण ग्लॅडिस एकच होती आणि तिची लोकर संपली होती. वाढदिवस तीन आठवड्यांवर. "म्हणजे फोन कर आणि परत माग," मेरे म्हणाली. बस चालवणाऱ्या बाईला सगळे रस्ते सरळ दिसतात!

पण आमचा रस्ता पुण्यातून जातो. फोन करायच्या आधी मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला, आणि तिथेच चुकले.

"दिलेलं वाण परत मागतेस?" आई कपाळाला हात लावून म्हणाल्या. त्यामुळे पडद्यावर नुसता हातच दिसायला लागला. "सवाष्णींना दिलेलं? बाहेर बोलू नकोस हे!"

"अहो आई, पण ती एका माणसाची पाठ आहे!"

"असू दे. मागायचं नाही. हां, त्यांनी आपणहून तुला वाण म्हणून दिलं, तर घ्यायला हरकत नाही. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे."

मी अंधश्रद्धाळू नाही. पण माझ्या सासूबाईंना माझ्याबद्दल जे काय वाटतं, त्यात नवी भर नको होती. शिवाय मला वाटलं, त्यात काय अवघड आहे? संक्रांतीचं वाण असतंच मुळी फिरतं. दोन वर्षांपूर्वी मी दिलेली स्टीलची वाटी तीन घरं फिरून, एक पोचा पाडून माझ्याकडेच आली नव्हती का? नुसता इशारा पुरे. मी ग्रुपवर मेसेज टाकला: "मैत्रिणींनो, वाण पुढे दिलं की पुण्य वाढतं. कुणाला ते मला द्यावंसं वाटलं, तर मी आनंदाने घेईन."

मला वाटलं, याहून सूचक काय असणार?

दुसऱ्या दिवशी दुकानात रांग लागली. उघडल्यापासून पहिल्यांदाच! प्रत्येक बाई येत होती, डोळ्यांत करुणा आणून मला हळदकुंकू लावत होती आणि ब्राऊन पिशवी हातात देत होती. पिशवीत काय? गुंडा आणि क्रोशाची सुई. कुणी सोबत नारळ दिला, कुणी ब्लाऊजपीस, एकीने तर डाळतांदूळ.

"काही लाजू नकोस हो," एक जण माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "धंद्यात चढउतार व्हायचेच. दिलेली लोकर परत गोळा करायची वेळ आली म्हणजे…"

संध्याकाळपर्यंत टाकानिनीपासून पापाटोएटोपर्यंत बातमी पक्की झाली, की वृषालीचं दुकान बसलं. मिलिंदला स्टेशनवर एका गृहस्थांनी थांबवून, त्यांच्या कंपनीत जागा आहेत, असं सांगितलं. "पण मला नोकरी आहे," मिलिंद म्हणाला. "असं धीराने घेतलं पाहिजे," गृहस्थ म्हणाले.

त्या रांगेत सुजाताही आली. तिच्या पिशवीत चक्क बाही निघाली! मला तिचा मुकाच घ्यावासा वाटला. "दह्याच्या भांड्याभोवती गुंडाळत होते गं," ती म्हणाली. "पण तुझ्यावर अशी वेळ आली म्हटल्यावर राहवेना. दह्याचा वास होता, म्हणून गरम पाण्यात खळखळून धुऊन आणलीय." लोकर गरम पाण्यात खळखळून धुतली की काय होतं, हे मलासुद्धा माहीत आहे. बॅरीचा एक हात आता पाचवीतल्या मुलाला बसला असता.

उरली पाठ आणि छाती. कल्पनाताईंकडे मी हळदीकुंकवाला गेले तर देवघरात बाप्पा बॅरीच्या पाठीवर ऐसपैस बसलेले. वर जास्वंदीचं फूल, समोर निरांजन. मी नमस्कार केला. नक्की कुणाला, ते सांगता येणार नाही.

"ताई, हे आसन…" मी चाचरत म्हणाले. "म्हणजे तुमच्या मनात कुणाला काही द्यायचं असेल…"

कल्पनाताई म्हणजे जुनं खोड. माझ्याकडे दोन मिनिटं बघून म्हणाल्या, "ही स्वेटरची पाठ आहे ना गं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"खांद्याचा उतार दिसत नाही का मला? म्हटलं, परदेशातली रीत असेल, आपण कशाला विचारायचं." मी सगळं सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले (हसून की काय, ते कळलं नाही) आणि उठल्या. पण बाप्पाला असं उठवता येत नाही! त्यांनी नवं आसन घातलं, बॅरीच्या पाठीची रीतसर पूजा केली, अक्षता वाहिल्या आणि "पुनरागमनाय च" म्हणून ती जागची हलवली. मग माझ्या ओटीत घातली. तिच्यावर मधोमध कुंकवाचा ठसठशीत डाग होता.

अनघाच्या दवाखान्यात छाती काचेच्या चौकटीत होती. खाली पाटी: हातविणकाम, न्यूझीलंड. अनघा पेशंट संपवून बाहेर आली. "काय गं, काय होतंय?"

"काही नाही. तू हळदीकुंकू कधी करणार आहेस?"

"यंदा कुठलं? वेळ कुठाय?"

"आत्ता कर ना."

"आत्ता?"

"दोन पेशंटच्या मध्ये. मी हळदकुंकू आणलंय."

अनघाने माझी नाडी बघितली. मग ब्लडप्रेशर. दोन्ही ठीक निघाल्यावर तिने मला बसवून शांतपणे विचारलं, की झोप लागते का. मला रडूच फुटलं. रडत रडत मी तिला बॅरी, ग्लॅडिस, लॉरेनची बोटं, आईंचा नियम, सगळं सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत रिसेप्शनिस्टसकट आम्हा तिघींचं हळदीकुंकू झालं, आधी सॅनिटायझर लावून, आणि बॅरीची छाती मला चौकटीसकट वाण म्हणून मिळाली. वेटिंग रूममधल्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

पण दुसरी बाही? मी घर न् घर पालथं घातलं. हळदीकुंकवाची इतकी आमंत्रणं मी ओढवून घेतली, की काळी साडी वाळायला वेळ मिळेना. तिळगुळाने दात हलले. रथसप्तमी आली आणि गेली. बाही नाही. आणि वाढदिवसाच्या आधीच्या गुरुवारी, आम्ही तीन भाग समोर घेऊन सुतकी चेहऱ्यांनी बसलेल्या असताना, दार उघडून लॉरेन आत आली. लपवायला वेळच मिळाला नाही. मेरे तेवढी पाठीवर बसली.

"लॉरेन," मी म्हणाले, "मला तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक," म्हणत तिने खांद्यावरच्या झोळीतून ब्राऊन पिशवी काढली. सुरगाठ सोडली. आतून ग्लॅडिसच्या लोकरीची, गडद तपकिरी, अख्खी बाही काढून टेबलावर ठेवली. "तुझ्या त्या कुंकवाच्या समारंभात मिळाली. गाडीत बसून पिशवीत हात घातला आणि न बघता कळलं, ही ग्लॅडिस. मी तिथेच बसून रडले, डिअर. कपाळावरचं सगळं नाकावर आलं."

मेरे पाठीवर आणखी रुतून बसली.

"मला वाटलं, तुमच्यात अशीच पद्धत असेल," लॉरेन पुढे म्हणाली. "दर वर्षी एक भाग द्यायचा. म्हणजे जर्सी पुरी व्हायला अजून तीन वर्षं. बॅरी तोवर टिकायला हवा, म्हणून मी त्याचं लोणी बंद केलंय."

"लॉरेन," मी म्हणाले, "ती बाही तुला चुकून गेली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मेरेच्या बुडाखालून डोकावणाऱ्या पाठीकडे. मग आखडलेल्या बाहीकडे. आणि मग अशी हसली, की कवळी हातात घ्यावी लागली. "चुकून का होईना," ती कवळी बसवत म्हणाली, "बरोबर घरी आली ना?"

आता मात्र मीच रडायला लागले आणि मेरेने मला बसायला सांगितलं.

शनिवारी बॅरीने जर्सी घातली. ऐन उन्हाळ्यात! पाठीवर बाप्पाचं कुंकू, छातीला चौकटीच्या कडांच्या खुणा, उजवी बाही मनगटापर्यंत आणि डावी कोपराच्या जरा खाली. वाफ देऊन देऊन ताणली तरी ती तेवढीच आली. बॅरीने डाव्या बाहीचा वास घेतला. तपकिरी लोकरीवरून हळूच हात फिरवला, मेंढीच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि बराच वेळ फिरवत राहिला. मग नाक पुसून म्हणाला, "स्वीट ॲज." पुढे घसा खाकरून त्याने आयुष्यातलं तिसरं वाक्य उच्चारलं: "आता लोणी मिळेल का?"

निघताना लॉरेनने माझ्या कपाळाला कुंकू लावलं (जवळजवळ भुवईत) आणि माझ्या हातात ब्राऊन पिशवी दिली. आत शिवून उरलेला ग्लॅडिसच्या लोकरीचा एवढासा गुंडा आणि दोन सुया.

"वाण आहे," ती म्हणाली. "पुढे द्यायचं नाही. विणायचं."

तेव्हापासून गुरुवारी मीसुद्धा टेबलाशी बसते. चार महिने झाले. काय विणतेय, ते मला नक्की सांगता येत नाही. मेरेला वाटलं टोपी, ईराला वाटलं अपघात. परवा सुजाता दुकानात आली, तिने ते हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "पुढच्या संक्रांतीला मलाच दे हं. माझ्या दह्याच्या भांड्याला फिट बसेल."